कंपाउंड बोची स्ट्रिंग: कंपनीचीच चालवावी की भारीतली घ्यावी?

सिंदफणाकाठ (बीड)

नमस्कार मंडळी. माझी लेक तिरंदाजीत कंपाउंड खेळते, म्हणजे टोकांना चाकं असलेला बो (धनुष्य), सतरा वर्षांखालच्या गटात. बो आयात केलेला, मधल्या दर्जाचा, सोयाबीनच्या पैशातून घेतलेला. आता स्ट्रिंग बदलायची वेळ आली आहे असं तिचे सर म्हणतात. चौकशी केली तर तीन भाव मिळाले. बो बनवणाऱ्या कंपनीचाच सुटा संच, म्हणजे एक स्ट्रिंग (हाताने खेचायची दोर) आणि दोन केबल (चाकांना जोडलेल्या दोऱ्या), नऊ हजारांच्या आसपास. परदेशात फक्त स्ट्रिंगच बनवणाऱ्या नावाजलेल्या कंपनीचा संच, कस्टम-कुरियर धरून साडेचौदा हजार. आणि परदेशी धागा आणून आपल्याकडेच बनवलेला संच, साडेचार ते पाच हजार.

माझं मत आधीच सांगतो. दोऱ्याला साडेचौदा हजार हे मला पटत नाही. त्यात आणखी थोडे घातले तर चांगले डझनभर बाण येतात. पण पटवून दिलं तर घेईन, म्हणून तर विचारतोय. जास्तीच्या पैशात नेमकं काय मिळतं? गुण वाढतात का? मराठवाड्यात राहून खेळणाऱ्यांनी आणि त्यांच्या आईवडलांनी लिहावं. पुण्या-मुंबईचा हिशोब आपल्याला जसाच्या तसा लागू पडत नाही.

मांजराथडी (लातूर)

भाऊ, भाव नंतर. आधी दुखणं सांगा. सध्याच्या स्ट्रिंगला झालंय काय? धागे तुटूलालेत, सर्व्हिंग (दोरीवर गुंडाळलेला राखणीचा दोरा) उघडूलाली, का पीप (दोरीत बसवलेलं नेम धरायचं भोक) फिरूलालाय? तिन्हीला औषध वेगळं हाय.

सिंदफणाकाठ (बीड)

मांजराथडी, पीप फिरतोय. बो पूर्ण खेचला की पीपचं भोक डोळ्यासमोर सरळ यायला हवं, ते तिरपं येतं. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर हे वाढलं. शिवाय खालच्या कॅमजवळची (चाकाजवळची) सर्व्हिंग सुटत चालली आहे. आणि सरांनी वजनकाट्यावर पाहिलं तर ड्रॉ वेट, म्हणजे बो खेचायला लागणारा जोर, दोनेक पौंडांनी उतरलंय. लिंबचे (बोच्या वाकणाऱ्या पात्यांचे) बोल्ट कुणी हलवलेले नाहीत.

बसमतची_हळद (हिंगोली)

सोपा नियम सांगतो. हळदीला भाव आला की भारीतली घ्यायची, पडला की कंपनीची. :)

पन्नासमीटर (छ. संभाजीनगर)

मी मुलांना शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सिंदफणाकाठ, तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक एकच आहे. दोर दोन तऱ्हेने लांबते. एक लांबणं ताण गेला की परत येतं, त्याची चिंता नाही. दुसरं कायमचं. ताणाखाली धागा हळूहळू सरकत वाढतो आणि परत येत नाही, त्याला क्रीप म्हणतात. कंपाउंड बोच्या केबल तर चोवीस तास ताणाखालीच असतात, बो भिंतीला टांगलेला असला तरी. केबल लांबल्या की लिंब सैल पडतात, दोन एक्सलमधलं (कॅमच्या आसांमधलं) अंतर वाढतं, ड्रॉ वेट उतरतं आणि ड्रॉ लेंग्थ (दोर किती मागे खेचली जाते ती लांबी) वाढते. दोन्ही केबल सारख्या लांबल्या नाहीत तर वरचा आणि खालचा कॅम मागेपुढे पडतात. मग खेळाडूला शेवटची टेकण दोनदा लागल्यासारखी वाटते आणि बाण वर-खाली जायला लागतात.

आता धाग्याचं. पूर्ण डायनीमाचा धागा, उदाहरणार्थ बीसीवाय कंपनीचा ८१२५, हलका आणि वेगवान असतो, पण त्यात क्रीप होतो. व्हेक्ट्रन नावाचा धागा जवळजवळ लांबतच नाही, पण घर्षणाला आणि उन्हाला कच्चा. म्हणून दोन्हींचं मिश्रण करतात. याच कंपनीच्या ४५२एक्समध्ये ६७ टक्के डायनीमा आणि ३३ टक्के व्हेक्ट्रन असतं. बीसीवाय-एक्समध्ये व्हेक्ट्रन त्याहून कमी आणि डायनीमा वरच्या प्रतीचा.

भारीतल्या स्ट्रिंगवाल्यांकडे काही जादूचा धागा नसतो. बो बनवणाऱ्या मोठ्या कंपन्याही आज पुष्कळदा तोच धागा वापरतात. हॉइटची स्ट्रिंग फ्यूज नावाने येते, मॅथ्यूजची झेब्रा नावाने, आणि दोन्ही चांगल्या असतात. फरक पडतो तो बनवण्यात. चांगला कारागीर स्ट्रिंग तीनशे पौंडांच्या आसपास ताणून ठेवतो, घाई करत नाही, प्रत्येक पदराला सारखा ताण आहे ना ते पाहतो आणि सर्व्हिंग त्या ताणाखालीच गुंडाळतो. ज्या स्ट्रिंगमध्ये एक पदर सैल आणि एक कडक, तिच्यात पीप फिरणारच. तुम्ही पैसे देता ते या वेळेचे.

काळीभोर (परभणी)

पन्नासमीटर सरांनी धाग्याचं लिहिलं, मी त्यात आपल्याकडच्या उन्हाची भर घालतो. शिक्षणाने मी टेक्सटाइलवाला.

डायनीमा म्हणजे पॉलिइथिलीनच, फक्त त्याची साखळी फार लांब आणि सगळ्या साखळ्या एका दिशेत ओढलेल्या. वजनाच्या मानाने पोलादापेक्षा कितीतरी मजबूत, पण उष्णता त्याला सोसत नाही. तो वितळतो १४४ ते १५२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान, आणि ७० अंशांच्या वर त्याला जास्त वेळ ठेवू नये असं मानतात. तिथवर जायचीही गरज नाही. तापमान जसं चढतं तसा क्रीपचा वेग झपाट्याने वाढतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो. उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत आतली हवा साठीच्या वर सहज पोचते. दोरीवर चोळलेलं मधमाशीचं मेण ६२-६४ अंशांना पातळ होतं. म्हणजे मेण विरघळून बॅगेला लागलेलं दिसलं, तर आतला धागा कुठल्या तापमानातून गेला ते कळतं.

सिंदफणाकाठ, सुट्टीनंतर पीप जास्त फिरायला लागला असं तुम्ही लिहिलंत. सुट्टीत बो कुठे ठेवला होता?

सिंदफणाकाठ (बीड)

पत्र्याच्या खोलीत, माळ्यावर.

काळीभोर (परभणी)

मग दुसरं काही शोधायला नको. दुपारी पत्र्याखालचा माळा म्हणजे भट्टी. बो घरातल्या सगळ्यात गार खोलीत, जमिनीजवळ ठेवा. याला शून्य रुपये लागतात आणि साडेचौदा हजारांच्या स्ट्रिंगइतकाच फायदा होतो.

उदगीरचा_नेमबाज (लातूर)

मी वेगळ्या बाजूचा. स्ट्रिंगच्या नावावर दुकानदार आईवडलांना भीती घालतात, हे मी पाहत आलोय. ५० मीटरला ८० सेंटीमीटरचं सहा रिंगांचं टार्गेट, ७२ बाण, ७२० पैकी गुण. मुलगा ६२० मारत असेल तर त्याचे शंभर गुण स्ट्रिंगने खाल्लेले नसतात. ते रिलीजचं (दोर सोडायच्या साधनाचं) बटण झटक्याने दाबण्यात, पकड बदलण्यात आणि वाऱ्यात गेलेले असतात. पैसे ठेवायचे तर एकसारख्या वजनाच्या आणि योग्य स्पाइनच्या (ताठपणाच्या) बाणांत ठेवा, शिकवणीत ठेवा. कंपनीची स्ट्रिंग नीट मेण लावून वापरली तर दोन वर्षं कुठे गेली नाही.

साधा भागाकार करू. नऊ हजारांचा संच दोन वर्षं चालला, साडेचौदाचाही दोनच वर्षं. वर्षाला पावणेतीन हजार जास्त. त्या पैशात दोन चांगले बाण येतात.

मांजराथडी (लातूर)

उदगीरकर, +१. पण ६२० वाल्याला पीप फिरला तर त्याची मान फिरूलाली ना. तिरप्या पीपातून बघायची सवय लागली की ती मोडायला वर्ष जातंय.

जिजाऊची_लेक (जालना)

उदगीरचा नेमबाज, तुमचा भागाकार कागदावर बरोबर आहे, पण त्यात एक मोठा खर्च धरलेलाच नाही. बो प्रेस, म्हणजे बो दाबून दोऱ्या सैल करायचं यंत्र.

माझा मुलगा खेळतो. आमच्या जवळपास प्रेस नाही. केबल लांबली, कॅमची वेळ चुकली की बो प्रेसमध्ये घालून केबलला पीळ द्यावा लागतो. प्रेसशिवाय स्ट्रिंग काढणं म्हणजे हात मोडून घेणं, ते कुणी करू नये. मग काय करायचं? संभाजीनगर गाठायचं. माझं तिकीट निम्मं, २०२३ पासून एसटीत बायकांना ५० टक्के सवलत आहे, पण मुलाचं पूर्ण लागतं. शिवाय रिक्षा, प्रेसचे पैसे, जेवण, आणि माझा शिलाईचा एक अख्खा दिवस. आणि दुरुस्ती झाली की साइट (बोवरचं नेम धरायचं साधन) पुन्हा लावा, पीपची उंची पुन्हा बघा. मुलाच्या सरावाचा आठवडा त्यात जातो. स्पर्धेच्या तोंडावर हे झालं तर पैशाचं सोडा, मुलाचा चेहरा बघवत नाही.

कंपनीच्या जुन्या संचाला हे वरचेवर करावं लागायचं. नंतर आम्ही चांगला ताणलेला संच घेतला. सुरुवातीला एकदा जाऊन आलो, तेवढंच. माझ्या हिशोबात पावणेतीन हजार कधीच वसूल झाले. ज्यांच्या मैदानावरच प्रेस आहे त्यांना स्ट्रिंग फक्त स्ट्रिंगच्या किमतीला पडते. आम्हाला ती स्ट्रिंग अधिक एसटी अधिक बुडालेला दिवस अशी पडते. लातूर, धाराशिव, हिंगोलीच्या लोकांना तर आमच्याहून जास्त.

पन्नासमीटर (छ. संभाजीनगर)

ताईंनी लाखातलं लिहिलं. माझ्याकडे बाहेरगावची मुलं येतात तेव्हा मला हेच दिसतं. पालक एका फेरीसाठी दोन-दोन महिने थांबतात आणि मुलगा तोवर बिघडलेल्या बोवर सराव करत राहतो.

काळीभोर (परभणी)

जिजाऊची लेक, +१. जिल्ह्याच्या क्रीडा संकुलात एक प्रेस आणि ती चालवू शकणारा एक माणूस असायला हवा. एका चांगल्या बोच्या किमतीच्या मानाने प्रेसची किंमत काहीच नाही. चार पालक एकत्र आले तरी होईल.

उदगीरचा_नेमबाज (लातूर)

ताई, प्रेसचा मुद्दा मान्य. बसच्या फेऱ्या धरल्या तर भागाकार बदलतो. पण माझं एक म्हणणं अजून उभं आहे. वाढत्या वयाच्या पोरांना महाग संच कशाला? वर्षभरात ड्रॉ लेंग्थ इंचाने वाढते. कॅम बदलला की स्ट्रिंगची लांबी बदलते आणि महाग संच कपाटात.

पन्नासमीटर (छ. संभाजीनगर)

ते कॅमवर अवलंबून आहे. ज्या कॅममध्ये मॉड्यूल (कॅमवरचा छोटा सुटा भाग) फिरवून किंवा बदलून ड्रॉ लेंग्थ वाढवता येते, तिथे स्ट्रिंग तीच राहते. जिथे लांबी वाढवायला अख्खा कॅमच बदलावा लागतो, तिथे उदगीरकरांचं शंभर टक्के खरं. म्हणून बो घेतानाच विचारायचं की मॉड्यूलवर किती इंचांचा पल्ला मिळतो. चौदा वर्षांखालच्या मुलाला मी स्वतः भारीतली स्ट्रिंग घेऊ देत नाही.

गेवराई_एक्सप्रेस (बीड)

जरा अवांतर विचारतो. माझा पुतण्या इंडियन राउंड खेळतो, बांबूच्या धनुष्यावर. घरचे म्हणतात कंपाउंड दे, आता ते ऑलिम्पिकमध्ये आलंय. खरं आहे का? खर्च झेपेल का?

मांजराथडी (लातूर)

खरं हाय, पण फक्त मिश्र दुहेरी. २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार घेतलाय. एक मुलगा, एक मुलगी. वैयक्तिक अजून नाही.

पन्नासमीटर (छ. संभाजीनगर)

गेवराई, कंपाउंडमध्ये आपल्या राज्याची मुलं जगात पुढे आहेत, हे पुतण्याला जरूर सांगा. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे दोघंही वैयक्तिक विश्वविजेते झाले. अदिती तेव्हा सतरा वर्षांची होती. त्याच वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ओजसने तीन सुवर्णपदकं घेतली. आणि बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने शांघायच्या विश्वचषकात नेदरलँड्सच्या माइक श्लॉसरला अंतिम फेरीत एका गुणाने हरवलं. बुलढाणा म्हणजे जालन्याच्या शिवेला लागूनच.

पण खर्च वेगळा. बांबूच्या धनुष्याची दोर तुटली तर पुतण्या तिथल्या तिथे दुसरी चढवेल. कंपाउंडला ते होत नाही. पाया पक्का होऊ दे, मग ठरवा.

गेवराई_एक्सप्रेस (बीड)

धन्यवाद सर. बुलढाण्याचं माहीत नव्हतं. आज रात्रीच सांगतो त्याला.

बसमतची_हळद (हिंगोली)

नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणाचंही सांगा. घरचे मग स्ट्रिंगचा भाव विचारत नाहीत. :)

गोदातीर (नांदेड)

ही चर्चा आज पाहिली. मी स्वतः स्ट्रिंग बनवतो, मित्रमंडळींच्या आणि इथल्या मुलांच्या. धंदा म्हणण्याइतका नाही, पण जिग (स्ट्रिंग ताणून धरायची चौकट) आहे, सर्व्हिंगचं यंत्र आहे. त्यामुळे आतला हिशोब मांडतो.

समजा स्ट्रिंग ५८ इंची आणि दोन केबल प्रत्येकी ३७ इंची. २४ पदर धरा. स्ट्रिंगला लागले ११६ फूट, दोन केबलना १४८. एकूण २६४ फूट धागा, वर थोडा वाया जाणारा. रिळावर किती फूट आहे त्याने भागलं की कळतं, एका संचात धाग्याचे पैसे फारसे नसतात. सर्व्हिंगचा धागा वेगळा, तोही थोडाच. मग साडेचौदा हजार कशाचे? एक भाग आयातीचा. एक भाग नावाचा, तो नाकारून चालणार नाही. आणि उरलेला मोठा भाग जिगवर अडकलेल्या वेळेचा. संच ताणावर असताना त्या जिगवर दुसरा संच बसत नाही. ज्याला रोज पुष्कळ संच बाहेर काढायचे आहेत, तो ताणायचा वेळ कमी करतो. मग उरलेला क्रीप तुमच्या घरी, तुमच्या बोवर होतो.

म्हणून स्वस्त संच घेताना बनवणाऱ्याला चार गोष्टी विचारा. धागा कुठला, पदर किती, ताण किती पौंडाचा आणि किती वेळ. जो चारही पटपट सांगतो त्याच्याकडून निर्धास्त घ्या. जो फक्त रंग कुठला पाहिजे म्हणून विचारतो, त्याच्याकडून नको.

काळीभोर (परभणी)

गोदातीर, धागा खरा आहे का खोटा हे ओळखायचं कसं? रिळावरचं लेबल कुणीही चिकटवतो.

गोदातीर (नांदेड)

डोळ्याने ओळखता येत नाही. बोवर चढवल्यावर कळतं. संच बसवला की दोन एक्सलमधलं अंतर, ब्रेस हाइट (पकडीपासून दोरीपर्यंतचं अंतर) आणि ड्रॉ वेट लिहून ठेवा. कॅमवरची खूण केबलच्या किती जवळ आहे त्याचा फोटो काढा. शे-दोनशे बाण मारल्यावर परत मोजा. थोडा फरक पडणारच, बसायला तेवढं लागतं. त्यानंतर मात्र महिनाभर आकडे हलायला नकोत. हलत राहिले तर धागा किंवा कारागीर, दोघांतलं एक कच्चं. मी दिलेला संच मी बदलून देतो किंवा परत पीळ देऊन देतो. ही हमी देणारा जवळचा माणूस असेल तर पाच हजारांचा संच साडेचौदाला भारी पडतो. हमी नसेल तर पाच हजारही महाग.

आणि पीपबद्दल एक. स्ट्रिंग लांबली म्हणून पीप वर सरकला आणि गुण गेले, असं सर्रास म्हणतात. ते अर्धंच खरं. पाच फुटी स्ट्रिंग समजा तीन मिलीमीटर वाढली. नॉक (दोरीवर बाण अडकतो ती जागा) आणि पीपमधलं अंतर पाच इंच, म्हणजे बारावा हिस्सा. त्याच्या वाट्याला पाव मिलीमीटर येतं. पीप ते साइट साधारण ८५ सेंटीमीटर धरा, तर ५० मीटरवर बाण दीड सेंटीमीटर हलतो. दहाच्या रिंगची त्रिज्या चार सेंटीमीटर. म्हणजे एवढ्याने दहाचा नऊ सहसा होत नाही. पण पीपची बांधणी सैल होऊन तो एक मिलीमीटर सरकला तर बाण सहा सेंटीमीटर हलतो, आणि दहा हातचा गेलाच. ती बांधणी बघायला दोन मिनिटं लागतात आणि दोन रुपयांचा दोरा. नवा संच घ्यायच्या आधी ते बघा.

उदगीरचा_नेमबाज (लातूर)

हे गणित मी कापून भिंतीवर लावणार आहे.

मांजराथडी (लातूर)

गोदातीर दादा, एक नंबर. पीप फिरत असला तर रबरी नळीचा पीप बसवावा का? नळी केबलला बांधली की पीप ओढून सरळ करते म्हणं.

गोदातीर (नांदेड)

चालतो. दिसायला बरा नाही आणि नळी उन्हाने तडकते, अधूनमधून बदलावी लागते. पण शिकणाऱ्या मुलाला शंभरेक रुपयांच्या नळीत पीप सरळ मिळत असेल तर लाजायचं काय? नळी तुटून चेहऱ्यावर बसू शकते, तेवढं रोज तपासा.

पन्नासमीटर (छ. संभाजीनगर)

मी स्पर्धेत खेळणाऱ्याला नळी नको म्हणेन. नळीने दुखणं झाकतं. आतली स्ट्रिंग असमान आहे ती आहेच.

सिंदफणाकाठ (बीड)

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. बो खाली आणला, गार खोलीत ठेवलाय. पीपची बांधणी तपासली, घट्ट आहे. म्हणजे दुखणं पिळाचं आणि केबलचंच.

आता पुढचा प्रश्न. समजा फक्त स्ट्रिंग नवी घेतली आणि केबल जुन्याच ठेवल्या तर? निम्मे पैसे वाचतील.

पन्नासमीटर (छ. संभाजीनगर)

माझा सल्ला, तिन्ही एकदम. तुमचं ड्रॉ वेट उतरलंय ते केबलमुळे. स्ट्रिंग नवी आणि केबल थकलेल्या असं ठेवलं तर प्रेसच्या फेऱ्या सुरूच राहतील.

गोदातीर (नांदेड)

सरांशी थोडा असहमत. जुन्या केबलना जे लांबायचं ते बरंचसं लांबून झालेलं असतं. त्यांना प्रेसमध्ये पीळ देऊन वजन परत आणता येतं, आणि पदर तुटलेले नसतील तर त्या आणखी एक मोसम सहज काढतील. खालच्या कॅमजवळची सर्व्हिंग नव्याने गुंडाळता येते. पैशाची ओढ असेल तर फक्त स्ट्रिंग बदला. मात्र केबलचा एक जरी पदर तुटलेला दिसला तर पूर्ण संच, तिथे काटकसर नको. खेचलेल्या बोवर केबल तुटली तर बो आणि मूल दोघांनाही इजा होते.

पन्नासमीटर (छ. संभाजीनगर)

ज्या केबल उन्हाळाभर पत्र्याखाली ताणावर राहिल्या त्यांच्यावर मी एक मोसम टाकणार नाही. मुलगी जिल्ह्याच्या पुढे खेळणार असेल तर नाहीच.

काळीभोर (परभणी)

या बाबतीत मी सरांच्या बाजूने. उष्णतेने झालेला क्रीप पीळ देऊन मापात बसवता येतो, पण धाग्याचं गेलेलं आयुष्य परत येत नाही.

गोदातीर (नांदेड)

पत्र्याचा मुद्दा खरा आहे. तरी केबल हातात घेऊन बघितल्याशिवाय मी त्या फेकायला सांगणार नाही.

जिजाऊची_लेक (जालना)

सिंदफणाकाठ दादा, काहीही घ्या, वेळ मात्र बघा. शालेय स्पर्धा पावसाळ्यात तालुका-जिल्ह्यापासून सुरू होतात आणि पुढे विभाग, राज्य. स्ट्रिंग बदलायची तर त्याच्या आधी, जून-जुलैत. ऊनही उतरलेलं असतं आणि नवा संच बसायला वेळ मिळतो. स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात कुणी कितीही सांगितलं तरी हात लावायचा नाही. आणि जुना संच टाकू नका. पीप आणि डी-लूपसकट (रिलीज अडकवायच्या फासासकट) गुंडाळून, त्यावर मापं लिहून बॅगेत ठेवा. बाहेरगावी काही झालं तर तोच वाचवतो.

मांजराथडी (लातूर)

ताई, धुळीचं पण सांगा. आपल्या काळ्या मातीची धूळ मेणावर बसली की ती कानशीसारखी धागा खाते. जुनं मेण आधी काढायचं. दोरीला एक बारीक दोरा वेढून वरून खाली ओढला की मेण धुळीसकट निघून येतंय. मग नवीन थोडंसं लावून बोटाने चोळायचं. सर्व्हिंगवर मात्र लावायचं नाही.

सिंदफणाकाठ (बीड)

ठरवलं. पूर्ण संच, पण आपल्याकडेच बनवलेला. गोदातीर, तुमचे चार प्रश्न मी एका बनवणाऱ्याला फोनवर विचारले. धागा ४५२एक्स, पदर २४, ताण ३०० पौंड, रात्रभर, असं त्याने न अडखळता सांगितलं. महिनाभरात आकडे हलले तर परत पीळ देऊन देण्याचंही कबूल केलं. पाच हजार. उरलेले पैसे सहा बाणांना. उदगीरकर, तुमचंही ऐकलं म्हणायचं.

लेकीने एक विचारायला सांगितलंय. जुना संच काढायच्या आधी नेमकं काय काय मोजून ठेवायचं?

पन्नासमीटर (छ. संभाजीनगर)

तिला सांगा, विचारलंस ते फार चांगलं केलंस. दोन एक्सलमधलं अंतर, ब्रेस हाइट, ड्रॉ वेट, ड्रॉ लेंग्थ. नॉकपासून पीपच्या मध्यापर्यंतचं अंतर. डी-लूपच्या गाठी कुठे आहेत. दोन्ही कॅमच्या खुणांचे फोटो समोरून आणि बाजूने. साइटचे आकडे. शेजारी बो कंपनीने पुस्तिकेत दिलेली मापंही लिहायची, कारण तुमचा सध्याचा बो मापातून हललेला आहे. नवा संच पुस्तिकेच्या मापावर बसवायचा. पीप आणि डी-लूप मात्र तिच्या सवयीच्या जागी. लिहायचं तिने स्वतः, तुम्ही नाही.

प्रेससाठी रविवारी सकाळी या. प्रेसचे पैसे द्यायचे नाहीत.

जिजाऊची_लेक (जालना)

सर, याच रविवारी का? मग मीही मुलाचा बो घेऊन येते, त्याच्या वरच्या कॅमची खूण जरा मागे पडलेली दिसते. सिंदफणाकाठ दादा, मुलीला पाठवताना दुपारचं जेवण बांधून देऊ नका, मी दोघांचं आणते.

सिंदफणाकाठ (बीड)

याच रविवारी नाही जमायचं ताई, संच यायला आठ-दहा दिवस लागतील. सर, त्याच्या पुढचा रविवार चालेल का?

पन्नासमीटर (छ. संभाजीनगर)

चालेल. दोघंही त्याच रविवारी या, सकाळी आठला. ऊन चढायच्या आत दोन्ही बो उरकू आणि तिथेच ५० मीटरला साइट लावून घेऊ.